तुमचा 'ई ड्राइव्ह' उद्या 'एफ' झाला तर? ड्राइव्हची नावं कॉम्प्युटर कशी ठरवतो



बॅकअपच्या व्हिडिओत आपण टॅलीचा डेटा रोज संध्याकाळी 'ई ड्राइव्ह'वर कसा कॉपी करायचा ते बघितलं. आज त्यातल्या फक्त एका अक्षराबद्दल बोलायचं आहे. ते म्हणजे 'ई'.

बऱ्याच दुकानांत अशी पद्धत असते. डेस्कटॉपवर 'बॅकअप' नावाचा एक आयकॉन असतो. रात्री शटर ओढायच्या आधी कोणीतरी त्यावर डबल क्लिक करतं. काळी खिडकी उघडते, चार ओळी पळतात, खिडकी बंद होते. झालं, बॅकअप झाला! पण त्या आयकॉनच्या आत काय लिहिलेलं असतं? "डेटा उचल आणि ई वर टाक." आता ई वर कोण बसलंय, तुमची बॅकअपची डिस्क की सीएंच्या ऑफिसमधून आलेला पेन ड्राइव्ह, हे तो आयकॉन बघत नाही. त्याला फक्त अक्षर माहीत असतं.

आणि हे अक्षर कोणाच्या मालकीचं नसतं. आजचा सगळा लेख या एका वाक्यावर आहे.

टोकन, पाटी आणि पॅन नंबर

आधी एक उदाहरण डोक्यात पक्कं करू, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल.

बँकेत गेलात की टोकन मिळतं. आज तुमचा नंबर १४, उद्या १४ नंबर दुसऱ्या कोणाचा तरी. टोकन म्हणजे तुमची ओळख नाही, फक्त आजची जागा. ड्राइव्हचं अक्षर म्हणजे टोकन. सी, डी, ई, एफ, सगळी टोकनंच.

दुसरी गोष्ट, दुकानावरची पाटी. ती तुम्ही स्वतः लावता. वाचणाऱ्याला लगेच कळतं हे कोणाचं दुकान. पण एकाच गावात 'श्री गणेश ट्रेडर्स' नावाची दोन दुकानं असू शकतात, कोणी अडवत नाही. ड्राइव्हचं लेबल म्हणजे पाटी. पेन ड्राइव्हला आपण जे नाव देतो ते हे.

तिसरी गोष्ट, पॅन नंबर. लक्षात ठेवायला अवघड, पण शोधायला पक्का. प्रत्येक ड्राइव्हच्या आत असा एक लांबलचक ओळख क्रमांक लिहिलेला असतो. तो आपण सहसा बघत नाही, पण कॉम्प्युटर बघतो.

आता गंमत बघा. आपण माणसं बोलताना टोकन वापरतो ("अरे, ई मध्ये टाक"), आणि कॉम्प्युटर आतून पॅन नंबर बघून टोकन वाटतो. गोंधळ होतो तो या दोन्हीच्या मध्ये.

सी पासूनच सुरुवात का?

हा प्रश्न क्लासमध्ये हमखास येतो. ए आणि बी कुठे गेले?

ही अक्षरांची पद्धत विंडोजच्या बरीच आधीची आहे. १९७४ च्या सुमाराला गॅरी किल्डॉल यांनी लहान कॉम्प्युटरसाठी 'सीपी/एम' नावाची ऑपरेटिंग सिस्टिम बनवली. त्यात फ्लॉपीच्या ड्राइव्हना ए, बी अशी अक्षरं होती आणि पुढे दोन टिंबांचं चिन्ह. १९८१ मध्ये आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर आला. त्याच्या डॉसनेही हीच पद्धत उचलली. तेव्हाच्या या मशीनमध्ये हार्ड डिस्क नव्हतीच. एक किंवा दोन फ्लॉपी ड्राइव्ह, म्हणून ए आणि बी. १९८३ मध्ये 'पीसी एक्सटी' हे मॉडेल १० एमबीच्या हार्ड डिस्कसह आलं आणि हार्ड डिस्कला पुढचं अक्षर मिळालं, सी.

फ्लॉपी गेली, पण तिच्या दोन खुर्च्या रिकाम्याच राहिल्या. आजही विंडोज नवीन पेन ड्राइव्हला आपणहून ए किंवा बी देत नाही.

डॉसच्या काळात तर अक्षरं दर वेळी मशीन सुरू होताना नव्याने वाटली जायची. आधी प्रत्येक हार्ड डिस्कचं मुख्य पार्टिशन, मग उरलेली पार्टिशन्स. त्यामुळे मशीनमध्ये दुसरी हार्ड डिस्क लावली की कालचा डी आज ई व्हायचा! पुढे विंडोजने ही अडचण सोडवली, पण पूर्ण नाही. कशी, ते बघू.

अक्षर डिस्कला नसतं, खोलीला असतं

त्याआधी एक महत्त्वाची गोष्ट. डिस्क म्हणजे गोडाऊन समजा. त्या गोडाऊनमध्ये भिंती घालून खोल्या करता येतात. त्या खोल्यांना पार्टिशन म्हणतात. विंडोज अक्षर देतं ते खोलीला, गोडाऊनला नाही.

म्हणजे तुमच्या मशीनमध्ये सी, डी, ई असे तीन ड्राइव्ह दिसतात म्हणून आत तीन डिस्क आहेत असं नाही. असेंबल केलेल्या मशीनमध्ये बहुतेक वेळा एकच डिस्क असते आणि तिचे तीन भाग केलेले असतात.

आता ज्यांचा टॅलीचा डेटा डी वर आहे आणि बॅकअप ई वर, त्यांनी नीट वाचा. हे दोन्ही एकाच डिस्कवर असतील तर तुमच्याकडे बॅकअप नाही. तुम्ही माल एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवलाय. गोडाऊनला आग लागली तर दोन्ही खोल्या जाणार.

तपासायचं कसं? स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करा, 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. खालच्या भागात 'डिस्क ०', 'डिस्क १' अशा आडव्या पट्ट्या दिसतील. प्रत्येक पट्टी म्हणजे एक खरी डिस्क, आणि पट्टीतले चौकोन म्हणजे खोल्या. डी आणि ई एकाच पट्टीत दिसले तर आजच बाहेरची डिस्क आणा.

त्याच पट्टीत एक-दोन छोटे चौकोन बिनअक्षराचे दिसतील, 'ईएफआय' किंवा 'रिकव्हरी' लिहिलेले. मशीन सुरू होण्यासाठी आणि दुरुस्तीसाठी लागणाऱ्या या खोल्या आहेत. त्यांना हात लावू नका.

विंडोजची वही

आता विंडोज टोकन कसं वाटतं ते बघू.

विंडोजकडे 'रजिस्ट्री' नावाची मोठी वही असते. तिच्यात 'माउंटेड डिव्हायसेस' नावाचं एक पान आहे. त्या पानावर एका बाजूला अक्षरं आणि दुसऱ्या बाजूला ओळख लिहिलेली असते. जुन्या पद्धतीच्या, म्हणजे एमबीआर डिस्कसाठी डिस्कची छोटी सही आणि पार्टिशन कुठून सुरू होतं ती जागा. नव्या पद्धतीच्या, म्हणजे जीपीटी डिस्कसाठी पार्टिशनचा लांब ओळख क्रमांक. पेन ड्राइव्हसाठी त्या उपकरणाची ओळख.

तुम्ही डिस्क लावली की विंडोज वही उघडतं. "हे गिऱ्हाईक आधी आलं होतं का? याला कोणतं अक्षर दिलं होतं? ते आत्ता रिकामं आहे का?" सगळं जुळलं तर जुनंच अक्षर. नाही जुळलं तर सी नंतरचं पहिलं रिकामं अक्षर.

म्हणूनच रोज तोच पेन ड्राइव्ह लावलात तर रोज ई येतो, आणि आपल्याला वाटायला लागतं की ई म्हणजे 'माझा' पेन ड्राइव्ह. पण या वहीत एका अक्षरापुढे एकाच पाहुण्याचं नाव मावतं, जो शेवटी बसला त्याचं. तुमची डिस्क घरी असताना दुसऱ्याचा पेन ड्राइव्ह लागला आणि त्याला ई मिळाला, की वहीत ई पुढे त्याचं नाव आलं.

आणि ही वही त्या एका मशीनची आहे. डिस्कबरोबर अक्षर प्रवास करत नाही. तुमच्याकडे ई असलेली डिस्क सीएंच्या मशीनवर जी होईल. पाटी मात्र तीच राहील, कारण पाटी डिस्कच्या आत लिहिलेली असते.

दुकानात गोंधळ कुठे होतो?

*१. दुसऱ्याचा पेन ड्राइव्ह आधीच लागलेला असतो.* त्याने ई घेतला, तुमच्या डिस्कला एफ मिळाला. आयकॉनवर क्लिक केलं, डेटा गेला दुसऱ्याच्या पेन ड्राइव्हवर. तुमच्या ग्राहकांची उधारी, सप्लायरचे रेट, सगळं परक्याच्या खिशात. आणि तुमच्या डिस्कवर कालचाच डेटा.

*२. ई वर कोणीच नसतं.* मग काळ्या खिडकीत 'पाथ सापडला नाही' अशी इंग्रजी ओळ येते आणि खिडकी बंद होते. ती ओळ कोणी वाचत नाही. महिनाभर बॅकअप झालेला नसतो आणि सगळ्यांना वाटतं रोज होतोय.

*३. मिररचा पर्याय.* हा सगळ्यात धोक्याचा. विंडोजमधल्या 'रोबोकॉपी'ला मिरर करायला सांगता येतं. मिरर म्हणजे आरसा. इकडे जे आहे तेवढंच तिकडे राहणार. तिकडे जास्तीचं काही असेल तर ते उडवलं जातं, तेही रिसायकल बिनमध्ये न जाता. ई वर आज घरच्या लग्नाचे फोटो असलेली डिस्क बसली असेल तर रोबोकॉपीच्या दृष्टीने ते फोटो म्हणजे जास्तीचा माल.

*४. यूएसबीची जागा बदलली.* काही स्वस्त पेन ड्राइव्हमध्ये स्वतःचा वेगळा सीरियल नंबर नसतो. अशा वेळी विंडोज तो कोणत्या पोर्टमध्ये लागला यावरून ओळख ठरवतं. तोच पेन ड्राइव्ह मागच्या पोर्टमधून पुढच्या पोर्टमध्ये लावला की विंडोजला वाटतं, नवीन पाहुणा आला.

*५. कार्ड रीडर.* काही मशीनमध्ये अनेक खाचांचा कार्ड रीडर असतो. त्यात कार्ड नसलं तरी प्रत्येक खाच एकेक अक्षर अडवून बसते. विंडोज रिकामे ड्राइव्ह लपवतं म्हणून आपल्याला दिसत नाहीत. 'डी नंतर एकदम आय कसा आला?' याचं उत्तर अनेकदा हेच असतं.

*६. मोबाइल जोडला तर अक्षरच नाही.* केबलने जोडलेला मोबाइल 'धिस पीसी'मध्ये दिसतो, पण त्याला अक्षर मिळत नाही, कारण तो डिस्क म्हणून जोडला जात नाही. आतल्या फायली मागून घेण्याची त्याची पद्धत वेगळी असते. त्यामुळे अक्षरावर चालणारा बॅकअपचा आयकॉन मोबाइलवर चालणार नाही.

फॉरमॅट मारल्यावर 'टॅलीत कंपनीच दिसत नाही!'

हा प्रसंग वेगळा घेतो, कारण यात माणसं घाबरून चुकीचं पाऊल उचलतात.

मशीन हळू झालं म्हणून टेक्निशियनला बोलावलं. त्याने सी फॉरमॅट करून नवीन विंडोज टाकलं. डेटा दुसऱ्या पार्टिशनवर होता, त्याला हातही लावला नाही. तरी टॅली उघडल्यावर कंपनी दिसत नाही. का? कारण विंडोजबरोबर ती वही पण नवीन आली. कोरी वही. तिने टोकन पहिल्यापासून वाटली आणि तुमचा जुना ई आता डी झाला. टॅलीच्या सेटिंगमध्ये डेटाचा पाथ मात्र ई लिहिलेला असतो.

डेटा गेलेला नाही. पत्ता बदललाय. अशा वेळी:

- नवीन कंपनी तयार करू नका. आणि 'डेटा गेला' असं समजून जुना बॅकअप घाईघाईने रिस्टोअर करू नका.
- 'धिस पीसी'मध्ये एकेक ड्राइव्ह उघडून टॅलीच्या डेटाचं फोल्डर शोधा.
- सापडलं की डिस्क मॅनेजमेंटमधून त्या पार्टिशनला जुनं अक्षर परत द्या, नाहीतर टॅलीत नवीन पाथ द्या. यापैकी एकच करा.

यातच एक सावधगिरी. टेक्निशियनला फोनवर "सी फॉरमॅट कर, डी ला हात लावू नको" असं सांगून सोडू नका. विंडोज टाकताना जो पडदा येतो तिथे सी, डी लिहिलेलं नसतं, 'ड्राइव्ह ० पार्टिशन ३' असं लिहिलेलं असतं. आणि विंडोजच्या दुरुस्तीच्या मोडमध्ये गेलात तर अक्षरं वेगळीच असू शकतात. तिथे तुमचा नेहमीचा सी कधी कधी डी म्हणून दिसतो. तिथली वही वेगळी, म्हणून टोकन वेगळी. अशा ठिकाणी ओळखायचं ते पाटीवरून आणि साइजवरून. पाटीच लावलेली नसेल तर अंदाजाने काम चालतं, आणि अंदाजाने फॉरमॅट मारत नाहीत.

हार्ड डिस्कची हुबेहूब कॉपी एसएसडीवर काढून घेतली असेल, म्हणजे क्लोन केलं असेल, तर त्यातही एक गोष्ट आहे. क्लोन करताना ओळख क्रमांक पण कॉपी होऊ शकतो. एकाच पॅन नंबरची दोन माणसं समोर उभी राहिली की विंडोज एका डिस्कला 'ऑफलाइन' करून ठेवतं. डिस्क खराब झालेली नसते. तिला 'ऑनलाइन' केलं की विंडोज तिच्यावर नवीन सही लिहितं आणि मग त्या डिस्कवरून मशीन सुरू करताना अडचण येऊ शकते. म्हणून नवीन एसएसडी नीट चालतेय याची खात्री होईपर्यंत जुनी डिस्क काढून, चिकटपट्टीवर तारीख लिहून कपाटात ठेवा.

नेटवर्कचा झेड ड्राइव्ह

दोन-तीन मशीन असलेल्या दुकानात मुख्य मशीनवरचं फोल्डर बाकीच्यांना 'झेड ड्राइव्ह' म्हणून जोडलेलं असतं. हे पण टोकनच, पण थोडं वेगळं. हे टोकन मशीनला नाही, लॉगिन केलेल्या माणसाला मिळतं.

म्हणजे तुम्ही लॉगिन केलंत तर झेड दिसतो. पण टास्क शेड्युलरमध्ये तुम्ही रात्री ११ चं काम लावलं आणि 'युजर लॉगिन असो वा नसो, चालव' हा पर्याय निवडला, तर त्या कामाला तुमचा झेड दिसत नाही. हाताने क्लिक केल्यावर चालतं आणि रात्री चालत नाही, याचं कारण बहुतेक वेळा हेच.

उपाय सोपा आहे. झेड ऐवजी पूर्ण पत्ता लिहायचा: आधी दोन उलट्या तिरप्या रेघा, मग मुख्य मशीनचं नाव, मग एक उलटी रेघ आणि शेअर केलेल्या फोल्डरचं नाव. ज्या खात्यावरून काम चालतं त्याला त्या फोल्डरची परवानगी असली म्हणजे झालं.

लिनक्स आणि मॅकमध्ये काय?

काही जण उबंटू वापरतात, काहींकडे नेटवर्कवर जोडायचा एनएएसचा डबा असतो. त्याच्याही आत बहुतेक वेळा लिनक्सच असतं. तिथे सी, डी नाही. डिस्क सापडेल तशी नावं मिळतात: एसडीए, एसडीबी, एसडीसी. नव्या एनव्हीएमई एसएसडीचं नाव जरा लांब असतं. पण दुखणं तेच! आज जी एसडीबी आहे ती मशीन बंद-चालू केल्यावर एसडीसी होऊ शकते.

म्हणून लिनक्समध्ये कोणती डिस्क कुठे जोडायची याच्या यादीत, म्हणजे 'एफस्टॅब' फाइलमध्ये, 'यूयूआयडी' लिहितात. हा यूयूआयडी म्हणजे आपला पॅन नंबर. बाहेरच्या डिस्कसाठी त्या ओळीत 'नोफेल' हा शब्दही टाकतात, म्हणजे डिस्क लावलेली नसली तरी मशीन सुरू होताना अडकत नाही.

लिनक्समध्ये डिस्क एका फोल्डरमध्ये जोडली जाते. डिस्क जोडलेली नसेल तरी ते फोल्डर असतंच. मग बॅकअप त्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे मशीनच्या आतल्याच डिस्कवर होत राहतो. एरर येत नाही. मॅकमध्ये डिस्क तिच्या पाटीच्या नावाने दिसते. एकाच नावाच्या दोन डिस्क लावल्या तर दुसरीच्या पत्त्यात नावापुढे १ लागतो. म्हणजे तिथे पाटीवर चालतं, पण पाटी दोघांची सारखी असू शकते हे विसरायचं नाही.

तुमच्या हातातल्या अँड्रॉइड फोनमध्येही हे बघायला मिळेल. मेमरी कार्ड टाकून फाइल मॅनेजरमध्ये कार्डाचा पाथ बघा. अनेक फोनमध्ये चार आकडे-अक्षरं, मध्ये रेघ, परत चार, असं काहीतरी दिसतं. तो त्या कार्डाचा सीरियल नंबर. कार्ड फॉरमॅट केलं की तो बदलतो.

आता करायचं काय? अर्ध्या तासाचं काम

पहिलं, पाटी लावा. 'धिस पीसी'मध्ये डिस्कवर राइट क्लिक, 'रीनेम'. नाव इंग्रजी अक्षरांत, छोटं आणि स्पष्ट ठेवा, उदाहरणार्थ 'टॅली बॅक १'. एफएटी ३२ पद्धतीच्या पेन ड्राइव्हवर ११ अक्षरांपर्यंतच नाव बसतं, एनटीएफएसवर ३२ पर्यंत. तेच नाव डिस्कच्या बाहेरून मार्करने पण लिहा.

दुसरं, अक्षर ठरवून द्या. डिस्क लावा, डिस्क मॅनेजमेंट उघडा, तिच्या चौकोनावर राइट क्लिक करून 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स', मग 'चेंज'. कोणतं अक्षर घ्यायचं? पेन ड्राइव्ह डी, ई कडून वर चढत येतात आणि नेटवर्क ड्राइव्ह जोडताना विंडोज झेडपासून खाली सुचवत येतं. म्हणून मधलं अक्षर घ्या, टॅलीचा 'टी' घ्या, तिथे सहसा कोणी येऊन बसत नाही. दोन डिस्क आळीपाळीने वापरत असाल तर दोघींना वेगळी अक्षरं द्या. सी चं अक्षर मात्र कधीही बदलायला जाऊ नका, आणि ज्या ड्राइव्हवर एखादं सॉफ्टवेअर टाकलंय त्याचंही नाही.

तिसरं, ओळखीची खूण ठेवा. अक्षर ठरवलं तरी ते टोकनच, १०० टक्के खात्री नाही. म्हणून बॅकअपच्या डिस्कवर एक छोटी टेक्स्ट फाइल ठेवा, जिचं नाव दुसऱ्या कोणाच्या डिस्कवर असूच शकत नाही. तुमच्या दुकानाचं नाव आणि 'बॅकअप १' असं काहीही चालेल. बॅच फाइलच्या सुरुवातीला 'इफ नॉट एक्झिस्ट' वापरून अट घाला: ही फाइल टी वर नसेल तर कॉपी करू नको, 'चुकीची डिस्क' असा मेसेज दाखव आणि थांब. शेवटी 'पॉज' लिहा, म्हणजे खिडकी आपोआप बंद होणार नाही आणि मेसेज वाचता येईल.

चौथं, डिस्कच्या मुळात कॉपी करू नका. नेहमी आत एक फोल्डर करा आणि पत्ता त्या फोल्डरचा द्या. मिरर वापरत असाल तर हे सक्तीचं समजा. मिररची मोडतोड त्या फोल्डरपुरतीच राहते.

पाचवं, महिन्यातून एकदा उघडून बघा. बॅकअपच्या फोल्डरमधल्या फायलींची तारीख बघा. मग दुसऱ्या मशीनवर किंवा वेगळ्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करून शेवटचं बिल दिसतंय का बघा. चालू डेटावर रिस्टोअर करू नका.

सहावं, काम झालं की डिस्क काढा. 'सेफली रिमूव्ह' करून काढा. टोकन मिळालेली डिस्क म्हणजे उघडं दार. तुम्हाला दिसते तशी रॅन्समवेअरलाही दिसते. लावून ठेवलेली डिस्क मूळ डेटाबरोबरच लॉक होऊ शकते.

एवढी काळजी कशासाठी?

जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशोबाची पुस्तकं आणि नोंदी वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळायच्या असतात. २०२३-२४ च्या वर्षाचं धरा. रिटर्नची मुदत ३१ डिसेंबर २०२४, म्हणजे नोंदी ३१ डिसेंबर २०३० पर्यंत. अपील वगैरे चालू असेल तर त्याहून जास्तही. आता हिशोब करा. एवढ्या वर्षांत तुमचं मशीन एकदा तरी बदलणार, विंडोज एक-दोनदा नव्याने टाकलं जाणार, हार्ड डिस्कची एसएसडी होणार, काम बघणारा मुलगा बदलणार. दर वेळी वही कोरी होणार आणि टोकन नव्याने वाटली जाणार. जुन्या माणसाने नव्या माणसाला "बॅकअप ई मध्ये आहे" एवढंच सांगितलं असेल तर त्या वाक्याला २०३० मध्ये काहीही अर्थ नसेल. "टॅली बॅक १ नावाच्या काळ्या डिस्कवर आहे, पाटी बघ" असं सांगितलं असेल तर अर्थ राहील.

म्हणून आजपासून दुकानात बोलण्याची एक सवय बदला. "ई मध्ये टाक" म्हणू नका, डिस्कचं नाव घ्या.

आज दुकान बंद करायच्या आधी फक्त पहिल्या दोन गोष्टी करा, पाटी आणि अक्षर. दहा मिनिटं लागतील. बॅच फाइलची अट उद्या निवांत घाला, व्हिडिओ थांबवून थांबवून बघितलात तर ती पण जमेल. आणि डिस्क मॅनेजमेंट उघडलंच आहे तर डी आणि ई एकाच पट्टीत आहेत का, ते आजच बघून घ्या.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत धंदा जोरात आणि बॅकअप वेळेवर!